रिळाएवढी गोष्ट

या पुस्तकाचं बाड घेऊन लेखक माझ्या दारात उभा राहिला तेव्हा मी पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला निघालो होतो. चपला पायांत होत्या, पिशवी खांद्याला होती. तो म्हणाला, "सर, प्रस्तावना तुम्हीच लिहायची." मी विचारलं, "विषय काय?" "इंग्लंडातल्या गावोगावच्या स्टुडिओंनी काढलेल्या छोट्या फिल्मा, आणि त्यांची आपल्याकडची भावंडं." मी म्हटलं, "बाबा रे, मी साताऱ्याहून निघालो तर फार तर मिरजेपर्यंत जाणारा माणूस. माझा विलायतेशी काय संबंध?" त्याने वाद घातला नाही. बाडाचं पहिलं पान उघडून पुढे धरलं. पहिल्या पानावर कुस्ती होती.

कुस्ती म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस थांबतो. मी थांबलो आणि एसटी चुकली.

ती कुस्ती १८९९ सालची. मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची जोड लावली होती आणि कडेला कॅमेरा रोवून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उभे होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत. फोटोग्राफीचा धंदा करणारा हा माणूस. १८९६ च्या जुलैत मुंबईतल्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा खेळ त्यांनी पाहिला आणि हे यंत्र आपल्या हातात हवंच, असं त्यांच्या मनाने घेतलं. २१ गिनी मोजून त्यांनी रायली ब्रदर्सचा कॅमेरा मागवला. ही पेढी यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्ड गावची. लोकरीच्या गिरण्यांचं ते गाव. जादूचे कंदील आणि त्यांत घालायच्या काचांचा व्यापार करता करता ती हलत्या चित्रांकडे वळली होती. म्हणजे मराठी माणसाने पहिल्यांदा हलतं चित्र टिपलं ते राजधानीपासून दूरच्या एका गिरणगावातल्या यंत्रावर. टिपलेली फीत धुवायला पुन्हा विलायतेला पाठवली गेली आणि धुऊन परत आली. दोन पैलवान समुद्र ओलांडून गेले आणि आले, तेही प्रायश्चित्त न घेता.

ती फीत आज पाहायला मिळत नाही. पण सावेदादांनी नेमकी कुस्तीच का निवडली असेल, याचा मी त्या दिवशी यात्रेला न जाता बराच वेळ विचार करत बसलो. कॅमेरा जागचा हलत नव्हता. कुस्तीत माणसं आखाड्याबाहेर जात नाहीत, म्हणजे चौकट आधीच आखलेली. आवाज लागत नाही. कोण चांगला, कोण वाईट हे सांगायला मधे पाट्या घालाव्या लागत नाहीत. आणि बघणाऱ्याला नियम पाठ असतात. चितपट आणि चित्रपट यांच्यात फरक तो एका रकाराचा. अडचण एकच: जुन्या कुस्त्या तास-तासभर चालत आणि रीळ मिनिटभरात संपे.

हे मिनिटभर म्हणजे काय ते वाचकाने एकदा समजून घ्यावं, कारण पुढचं सगळं पुस्तक त्यावर उभं आहे. ३५ मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटात १६ चौकटी मावतात. मुक्या जमान्यात सेकंदाला साधारण १६ चौकटी फिरवायचा रिवाज होता, तोही हाताने, दांडा गरगर फिरवून. म्हणजे सेकंदाला एक फूट. साठ फुटांची फीत असली की एक मिनिट. सुरुवातीच्या कॅमेऱ्यात याहून फार मोठी फीत मावत नसे. म्हणून कोणाच्या सौंदर्यदृष्टीने 'लघुपट' जन्माला घातला, असं मानायचं कारण नाही. कॅमेऱ्याच्या पेटीत जेवढी फीत मावली, तेवढी गोष्ट झाली. गवंड्याने विटेच्या मापाने भिंत घालावी तसं.

लेखकाशी माझं पहिलं भांडण इथेच आहे आणि ते प्रस्तावनेत उघड करायला हरकत नाही, कारण त्याने ते चहा पिताना हसत ऐकून घेतलं आहे. पहिल्या प्रकरणात तो या छोट्या फितींना मोठ्या चित्रपटांची उमेदवारी म्हणतो. सुतारकाम शिकणाऱ्या पोराने आधी पाट करावा आणि मग पलंग, असा हिशेब. मला हे पटत नाही. ज्यांनी या फिती काढल्या त्यांना पुढे पलंग करायचाय हे ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी पाट हीच पुरी वस्तू होती, आणि बसायला पाट बराही असतो.

पुरावा पुस्तकातच आहे. ब्रायटनशेजारच्या होव्ह या समुद्रकाठच्या गावात जेम्स विल्यमसन नावाचा औषधविक्या राहत असे. औषधं विकता विकता तो फोटोच्या रसायनांकडे वळला आणि तिथून फिल्मांकडे. १९०१ च्या सुमाराची त्याची एक फीत आहे. एक गृहस्थ कॅमेऱ्यासमोर आहेत. आपलं चित्र काढलेलं त्यांना मुळीच रुचलेलं नाही. तावातावाने बोलत, हातवारे करत ते जवळ येतात, आणखी जवळ येतात. चेहरा पडदाभर होतो, मग नुसतं तोंड, मग तोंडाची काळी गुहा, आणि त्या गुहेत कॅमेरा आणि कॅमेरावाला दोघेही गडप. गृहस्थ मागे सरतात, चावत चावत समाधानाने हसतात. संपलं. मिनिटभराची ही गोष्ट आज कॉलेजातल्या पोरांना दाखवली तरी हशा येतो, आणि हशा ओसरल्यावर हुशार पोरगं विचारतं, "मग हे शूट केलं कोणी?" या प्रश्नाला एकशेवीस वर्षं होऊन गेली. एवढं मिनिटभरात साधणाऱ्याला उमेदवार म्हणायचं?

याच विल्यमसनने चीनमधल्या बंडाळीची फीत काढली ती होव्हमधल्या एका ओस पडलेल्या घरात. लँकेशरमधल्या ब्लॅकबर्नच्या मिचेल आणि केन्यन या जोडीने दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध गावाबाहेरच्या माळावर लढवलं. हे वाचून वाचकाने नाक मुरडू नये. आमच्याकडे तमाशाच्या फडात खांद्यावर घोंगडी टाकली की जागेवर शेतकरी होतो आणि तीच डोक्याला गुंडाळली की राजा होतो.

या मिचेल-केन्यनवरचं प्रकरण पुस्तकाचा गाभा आहे. वाचकाला घाई असेल तर बाकीचं मागे ठेवून ते आधी वाचावं. ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचं गाव. सेगर मिचेल आणि जेम्स केन्यन हे तिथले दोन धंदेवाईक, मोठे कलावंत वगैरे कोणी नव्हेत. त्यांची अक्कल अशी, की गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, की फाटकासमोर कॅमेरा लावायचा. हजारो माणसं बाहेर पडतात. डोक्यावरून शाल घेतलेल्या बाया, टोप्या घातलेले बाप्ये, शाळेच्या वयाची पोरं, कारण तेव्हा पोरंही गिरणीत जात. ती सगळी कॅमेऱ्यासमोरून जातात. कोणी लाजतं, कोणी टोपी उडवतं, कोणी मुद्दाम फिरून दुसऱ्यांदा समोरून जातं. ही फीत जत्रेतल्या तंबूवाल्याने आधीच सांगून काढून घेतलेली असे. फिरत्या खेळवाल्याचा तंबू गावात लागला की तो ओरडून सांगे: या, स्वतःला बघा! आणि फाटकातून जेवढी डोकी बाहेर पडली तेवढी तिकिटं खपत. म्हणून तर काही फितींत खेळवाला स्वतःच गर्दीत उभा राहून माणसांना कॅमेऱ्यापुढे ढकलताना दिसतो. जितके चेहरे, तितका गल्ला. 'इथल्या माणसांसाठी इथल्याच फिल्मा' असं त्यांच्या जाहिरातीचं सूत्र होतं.

पुढे धंदा बसला आणि हे सगळं विसरलं गेलं. १९९४ साली ब्लॅकबर्नमधल्या एका जुन्या दुकानाचं काम निघालं तेव्हा तळघरात मजुरांना धातूचे तीन मोठे डबे सापडले. आत गच्च भरलेली रिळं. सुमारे आठशे मूळ निगेटिव्ह. नायट्रेटची फीत म्हणजे पेटायला टपलेली चीज, पण तळघराच्या गारव्यात ती शाबूत राहिली होती. गावातल्याच एका जाणकार माणसाने ती जिवापाड सांभाळली, नंतर ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तिची डागडुजी केली आणि २००५ साली बीबीसीने तिच्यावर मालिका केली. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांचे चेहरे धुतल्यासारखे लख्ख दिसतात. नातवंडं-पतवंडं टीव्हीसमोर बसून आपली आजी शोधत होती.

हे वाचताना माझ्या डोळ्यापुढे किर्लोस्करवाडी आली. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना आणि त्याभोवती गाव वसवलं. निवडुंग आणि साप असलेला तो माळ. दहा वर्षांनी, १९२० साली, त्याच वाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघालं, म्हणजे छापील शब्दाचा कारखानाही तिथे उभा राहिला. मला त्या वाडीतली, पाळी सुटतानाची दोन मिनिटं हवी होती. मुंडाशी बांधलेले लोहार, हातात डबा घेतलेला एखादा ब्राह्मण कारकून, बैलगाडीवर चढवलेला लोखंडी नांगर, आणि त्या नांगराकडे संशयाने बघणारा शेतकरी, ज्याला कोणीतरी सांगितलंय की लोखंडाने जमिनीला वीख चढतं. छापलेलं सगळं आहे. ते चालणं नाही.

आपल्याकडे असं का झालं नाही, हा या पुस्तकाचा न विचारलेला प्रश्न आहे. यंत्रं आपल्याकडे आली, आणि आली तीही त्याच लहान गावांतून. १९१२ च्या फेब्रुवारीत दादासाहेब फाळके लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत त्यांनी संपादक कॅबोर्न यांना गाठलं, आणि त्यांच्या ओळखीने टेम्सकाठच्या वॉल्टन गावी सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला. हा हेपवर्थ म्हणजे घरदार सिनेमात ओढणारा माणूस. १९०५ साली त्याने कुत्रा पळवलेलं बाळ शोधून काढतो अशी एक फीत काढली. गोष्ट बायकोने लिहिली आणि आईही तीच झाली, बाप तो स्वतः, बाळ त्यांचंच आणि कुत्राही घरचा. फीत इतकी खपली की प्रती काढून काढून निगेटिव्ह झिजलं आणि सबंध गोष्ट आणखी दोनदा नव्याने चित्रित करावी लागली.

फाळक्यांनी हे पाहिलं आणि येताना विल्यमसन कॅमेरा आणि फितीला भोकं पाडायचं यंत्र आणलं. विल्यमसन म्हणजे तोच होव्हचा औषधवाला; तोवर तो फिल्मा सोडून यंत्रं बनवण्याकडे वळला होता. ज्याच्या फितीत माणूस कॅमेरा गिळतो, त्याच्या कारखान्यातला कॅमेरा दादरला आला. आणि दादरच्या घरातही तेच घडलं जे वॉल्टनला घडत होतं. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, दिवसभराचा रांधा आवरून रात्री अंधारात बसून कोऱ्या फितीला भोकं पाडली, फीत धुवायला शिकल्या. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. पुढे मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. यात कोणी कोणाची नक्कल केली असं मला वाटत नाही. भांडवल नसलं की घरचीच माणसं लागतात, मग घर टेम्सकाठी असो की दादरला.

पण फाळक्यांची पहिली फीत 'राजा हरिश्चंद्र' नव्हे, हे मराठी वाचक ऐकून असतो आणि विसरतो. आधी वाटाण्याच्या वेलाची फीत झाली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडं थोडं चित्र घेत अंकुर वर येईपर्यंत चिकाटी धरली. पडद्यावर मिनिटभरात दाण्यातून वेल उभा राहिला. ही फीत दाखवून त्यांनी सावकाराचा विश्वास मिळवला. लेखक या फितीला 'नमुना' म्हणतो. मी म्हणतो, दादासाहेबांच्या साऱ्या कामात मला सगळ्यांत जास्त पाहावीशी वाटते ती हीच. वाटाणा उगवतो यात देव नाही, राक्षस नाही, चमत्कारही नाही, आणि तरी आहे. पुढे त्यांनी 'पिठाचे पंजे' वगैरे लहान फिती काढल्या, चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारीही एक काढली. पण ३ मे १९१३ ला 'हरिश्चंद्र' लागला आणि गिऱ्हाइकाने कौल दिला. आम्हाला पुराणं हवी होती, तीही पोटभर.

तेव्हा न विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: ब्लॅकबर्नच्या गिरणीकामगाराला पडद्यावर स्वतःला बघायचं होतं, आमच्या माणसाला पडद्यावर देव बघायचा होता. स्वतःला बघण्यात त्याला काय विशेष? स्वतःचं तो रोजच सोसत होता.

कोल्हापूरकरांनी मग कमालच केली. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्यातले भाऊ नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवत. पडदा हलला पाहिजे, या वेडाने त्यांना पछाडलं. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली कॅमेरा घरीच बनवला, विल्यमसनचं यंत्र डोळ्यापुढे ठेवून. लेथवर कातलेला, पंचगंगेकाठचा कॅमेरा. तानीबाई कागलकरांनी पैसा दिला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली 'सैरंध्री' आला. इथून पुढची प्रभातपर्यंतची हकीकत मराठी माणसाला तोंडपाठ आहे, ती लेखकाने आटोपती घेतली ते बरं केलं. मात्र प्रभातने १९३४ साली 'जंबूकाका' नावाचा छोटा व्यंगचित्रपट काढला होता, एकेक चित्र हाताने रेखून, याची त्याने जी आठवण करून दिली आहे ती जपून ठेवण्यासारखी. 'अमृतमंथन'च्या वर्षी त्याच कंपनीत एक कोल्हा जन्मला होता.

सांगलीचं प्रकरण मी दोनदा वाचलं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे 'सीतास्वयंवर' केलं, त्या गावात नव्वद वर्षांनी मास्टर दीनानाथांनी बळवंत पिक्चर्स काढलं. गाणारा, दिसणारा, गाजलेला नट. नाटकमंडळीचं बिऱ्हाड सांगलीत. त्यांच्या मुलीचा, आशाताईंचा, जन्मही १९३३ सालचा, तिथलाच. बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचा पाया सुटला. तेव्हा दीनानाथांनी ज्या यंत्राने घाव घातला तेच यंत्र घरात आणायचं ठरवलं. १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' आला. चिंतामणराव कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर दिग्दर्शनाला होते. कंपनी कर्जात गेली. लेखकाने या अपयशाला यंत्रसामग्री, वितरण, मुंबईची स्पर्धा अशी कारणं दिली आहेत आणि ती खरीच आहेत. मला आपली एक वेगळीच चुटपुट लागते. स्टुडिओ सांगलीत, नदी हाकेच्या अंतरावर, बाजारात हळदीचे सौदे चाललेले, रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवणारे अडते. चार पावलं चालून कोणी कॅमेरा तिकडे वळवला असता तर! पण रुमालाखालचे हात कोण बघणार? लोकांना अर्जुनाचा रथ हवा होता. दीनानाथांना यात दोष देणं अन्यायाचं होईल. तिकीट काढणारे आपणच होतो.

आता माझा स्वतःचा भाग, जो लेखकाला हवा होता आणि ज्यासाठी त्याने मला गाठलं. माझे मामा टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. दिवाळी सरली की गाडी निघायची. म्हसवडचा रथ, पुसेगाव, पाली, मांढरदेव, खरसुंडी, चैत्रात शिखर शिंगणापूर. मालक देवाच्या तिथ्यांवर वर्षाचा हिशेब मांडी. तंबूच्या मधोमध पडदा. अलीकडे बाप्ये, पलीकडे बाया. पलीकडच्यांना पाट्या उलट्या दिसत आणि हिरो डावखुरा. यंत्राच्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींजवळ आणून मामा ठिणगी पाडत. भसकन पांढरा उजेड होई आणि कांडी झिजेल तशी ती सारखी पुढे सरकवत राहावी लागे. विसरलं की पडदा पिवळा पडे आणि तंबूतून शिट्ट्या. मामांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याची कातडी कायमची भाजून गुळगुळीत झाली होती. आधार कार्ड निघालं तेव्हा त्या अंगठ्याचा ठसाच उठेना.

मुख्य खेळाआधी 'समाचार चित्र' लागे. १९४८ साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन काढली आणि खेळवाल्यांवर अट घातली की मंजूर केलेल्या छोट्या फिल्मा दाखवल्याच पाहिजेत. दोन हजार फुटांपर्यंत, म्हणजे बोलपटाच्या गतीने जेमतेम वीस-बावीस मिनिटं. धरणं, लशी, सुधारलेलं बियाणं, बिहारचा पूर, आणि या सगळ्यावर तो एक भारदस्त आवाज. कोणी कितीही नावं ठेवोत, खेड्यातल्या माणसाने आयुष्यात सर्वांत जास्त पाहिलेले लघुपट हेच. मामांचा अनुभव असा, की हे रीळ लागलं की लोक शेंगा फोडायला घेत. धरण दाखवलं तर कोणी मान वर करत नसे. पण एकदा कुठल्याशा बैलबाजाराचं दृश्य आलं आणि तंबू उभा राहिला. "आरं, ती खिलारी बग! शिंगं बग!" रीळ संपलं तरी लोक ऐकेनात. मामांनी ते उलटं गुंडाळून पुन्हा लावलं. सरकारी माहितीपट लोकांनी मागून घेऊन दोनदा बघितल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे, आणि त्यात सरकारचा वाटा फारसा नाही.

या प्रसंगाचं महत्त्व मला इतक्या वर्षांनी हे बाड वाचताना कळलं. तो बाजार म्हसवडचाही नसेल. पण जनावर आपलं होतं. ब्लॅकबर्नच्या फाटकातलं सुख आमच्या तंबूत आलं ते असं चोरवाटेने, बैलाच्या पायाने.

पुढे तंबू उठले. व्हीसीआर आला, लग्नाची शूटिंग आली. लग्नाच्या कॅसेटकडे लेखकाने अर्धं पान दिलं आहे. मी एक प्रकरण दिलं असतं. पंक्तीत वाढपी कॅमेऱ्याकडे बघत बघत जिलबी पत्रावळीबाहेर वाढतो, वऱ्हाडातली आजी दिव्याच्या उजेडाला हात जोडते, आणि दारावरच्या चपलांवर कॅमेरा विनाकारण दहा सेकंद रेंगाळतो. गावाने स्वतःला पहिल्यांदा पडद्यावर बघितलं ते इथे. नवरानवरीपेक्षा मागच्या गर्दीसाठी ती कॅसेट घरोघर फिरायची, कारण पुढच्या आखाजीपर्यंत त्यातलं कोणी ना कोणी गेलेलं असायचं.

आणि मग फोन आला. सातारा जिल्ह्यातल्या पोरांनी 'कोरी पाटी प्रॉडक्शन' नावाने यूट्यूबवर 'गावाकडच्या गोष्टी' सुरू केल्या, तेव्हा पुण्या-मुंबईत कामाला असलेले आमचे सगळे भाचे-पुतणे त्या बघताना आढळले. पार, शिवार, बांधावरची भांडणं. बोली आमचीच, ठसक्यासकट. एकेक भाग जेवता जेवता संपेल एवढा. स्टुडिओ म्हणजे गावच. कोणाची ओसरी मागून घेतलेली, कोणाचा ट्रॅक्टर. मिचेल-केन्यनला ही मंडळी बघून आपले गाववाले भेटल्यासारखं वाटलं असतं. दुसरीकडे पी. साईनाथांच्या 'पारी' या संकेतस्थळाने कुंडलच्या कॅप्टन भाऊंना, रामचंद्र श्रीपती लाडांना, कॅमेऱ्यापुढे बसवलं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रेल्वे कशी अडवली, ते म्हातारा स्वतःच्या तोंडाने सांगतो. प्रतिसरकारवर आमच्याकडे पोवाडे झाले, पुस्तकं झाली. पण त्या माणसाचा थरथरता हात आणि न थरथरणारा आवाज एकाच वेळी दिसायला ही काही मिनिटांची फीत व्हावी लागली. २०२२ साली भाऊ गेले.

लेखकाच्या भाषेबद्दल थोडं. तो जागोजागी 'लघुपट' लिहितो. शब्द चांगला आहे, छापील आहे, पुरस्काराच्या ताम्रपटावर शोभतो. आमच्या पोरांच्या तोंडी तो नाही. ती 'शॉर्ट फिल्म' म्हणतात, घाईत नुसतं 'शॉर्ट'. मामांच्या वेळी 'तुकडा' म्हणत: "आधी तुकडा लाव, मग पिच्चर." मला तुकडा आवडतो. भाकरीचाही तुकडाच असतो आणि तो मोडून दिलेला असतो. पुढच्या आवृत्तीत लेखकाने याचा विचार करावा. त्याने इंग्रजी गावांची नावं वाचकाला अडखळवणार नाहीत अशी लिहिली आहेत आणि गिनी-पौंडांचे आजच्या रुपयांत भलतेसलते हिशेब मांडले नाहीत, याबद्दल त्याचे आभार.

बाड वाचून झाल्यावर मी त्याला एक अट घातली. प्रस्तावना लिहीन, पण ब्लॅकबर्नची ती फाटकाची फीत मला आमच्या गावात दाखवायची. माझ्या कॉम्प्युटरवर नाही. देवळाच्या भिंतीवर, सप्त्याच्या रात्री, कीर्तनानंतर. त्याला वाटलं म्हातारा गंमत करतोय. पण तो आला, मित्राचा प्रोजेक्टर घेऊन. मंडपवाल्याने पांढरी चादर ताणून दिली. आधी गावातल्याच पोरांनी फोनवर काढलेला तीन मिनिटांचा तुकडा लावला: पहाटे डेअरीला दूध घालायला जाणारी माणसं, बस एवढंच. "अगं, ह्यो तर आप्पा!" "आप्पा, दुधात पाणी घालताना का नाही काढलं?" आप्पा हजरच होते. हशा आणि गलका इतका, की तुकडा तीनदा लावावा लागला.

मग ब्लॅकबर्न. आवाज नाही, रंग नाही. मंडपात एकदम शांत झालं. भिंतीवर गिरणीचं फाटक उघडलं आणि माणसांचा लोंढा सुटला. मला वाटलं, आता शेंगा फुटायला लागतील. पुढच्या रांगेत सुंदराआजी बसली होती, वय नव्वदीच्या घरात, तरुणपणी इचलकरंजीला मागावर काम केलेली. ती पुढे सरकली. डोक्यावरून शाली घेतलेल्या बाया घोळक्याने येत होत्या.

"कामावरनं सुटल्यात व्हय ह्या?"

"हो आजी. कापडाच्या गिरणीतनं."

"कवाच्या?"

"सव्वाशे वर्षं झाली."

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. फाटकातून एक पोरगी आली, दहा-बारा वर्षांची असेल, आईएवढी शाल घेतलेली. ती कॅमेऱ्यापुढून गेली, थबकली, वळून तिने सरळ आमच्याकडे बघितलं आणि गर्दीत मिसळली.

"हिच्या केसात कापूस हाय बग अजून," आजी म्हणाली. "हिला पुन्यांदा दाव."